शेवंताबाईंनी न म्हटलेलं वाक्य

सौंसर-पांढुर्ण्यात माझा आवाज ज्याच्या कानावर पडला नाही असा माणूस शोधावा लागेल. गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, नगरपालिकेचा सत्कार, कुणाच्या मुलीच्या लग्नातला संगीताचा कार्यक्रम—माईक आला की लोक मला बोलावतात आणि मीही फार आढेवेढे घेत नाही. इतक्या वर्षांत एवढं बोलले, पण आज जे सांगायला बसले आहे ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. माझ्या चुलत दिरांना, नरेशभाऊजींना, त्यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं फक्त मला. मग तुम्हालाच का सांगते? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

कपाटापासून सुरू करते.

म्हणजे असं की, आम्ही मध्य प्रदेशात राहतो आणि घरात मराठी बोलतो. बाजार मराठीत, भांडण मराठीत, रडणं मराठीत—पण अर्ज हिंदीत. इथून वर जे काही जायचं ते हिंदीत जातं आणि मध्ये कुणीतरी एक बसलेलं लागतं. आमच्या भागात ती मी. शाळेत हिंदी शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत लोक कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात. ते मराठीत सांगतात, मी हिंदीत लिहिते. यात कधी काही वावगं होऊ शकतं, असं मनात आलं नव्हतं.

नरेशभाऊजींचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे आणि ते भोपाळच्या एका न्यूज चॅनलला इकडच्या बातम्या पाठवतात. कुणी गावकरी मराठीत बोलला की त्यावर हिंदी आवाज चढवून पाठवावा लागतो, कारण भोपाळला कळत नाही. पुरुषाचा आवाज ते स्वतः देतात. बाईचा मी. खोलीत आवाज घुमतो म्हणून मी साड्यांचं कपाट उघडते, त्यात तोंड घालते आणि मोबाइल साड्यांच्या घडीवर ठेवून बोलते. माझा नवरा म्हणतो, हिचं आकाशवाणी केंद्र नॅप्थलिनच्या गोळ्यांत आहे.

आणि मी थोडं नीटनेटकं करायची. एकदा गारपिटीत एका बाईची संत्री झडली. ती कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणाली, "गेलं जी सारं." मी कपाटात म्हटलं, "पेड़ से फल नहीं, हमारे सपने झड़ गए।" भोपाळहून फोन आला—वा! ती बाईसुद्धा खूश झाली, मला भेटून गेली. मग मला चटक लागली. लोकांच्या वाक्यांना इस्त्री करायची चटक. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

मग तो उन्हाळा आला. सीमेवर तणातणी सुरू झाली आणि टीव्हीवर तर ती सीमेच्याही आधी सुरू झाली होती. आमच्या घरी एरवी क्रिकेटशिवाय काही लागत नाही. त्या दिवसांत बातम्या बंदच होत नव्हत्या. स्टुडिओत सायरन वाजायचा. सौंसरात, संत्र्यांच्या बागांच्या मधोमध, सीमेपासून शेकडो कोसांवर, मी तांदूळ निवडत बसलेली—आणि सायरन वाजला की माझे हात थांबायचे. घाबरून नाही. हे मान्य करायला मला फार वेळ लागला. मजा येत होती. तुम्हाला आली नव्हती का? खरं सांगा. आमच्या स्टाफरूममध्ये ज्या बाई कधी कुणाशी धड बोलत नाहीत त्या नकाशा काढून दाखवायच्या की आपण कुठून आत शिरायला पाहिजे.

मी मात्र वेगळंच बघत असायची. एक निवेदिका होती, रोज संध्याकाळी यायची. ती मोठ्यानं बोलायची ते सोडा, ते सगळेच करतात. पण सर्वात भयंकर वाक्याच्या आधी ती आवाज खाली आणायची. अगदी खाली. एक श्वास सोडायची, आणि मग ते वाक्य. ती श्वास नेमका कुठं घेते हे बघायला मी टीव्हीच्या जवळ जाऊन बसायची. युद्ध व्हावं की न व्हावं, यावर मी त्या चार-पाच दिवसांत एकदाही विचार केला नाही. तो श्वास कसा जमतो, याचा केला.

अशात भोपाळहून नरेशभाऊजींना निरोप आला—सीमेवर असलेल्या जवानाचं घर दाखवा, आईची प्रतिक्रिया घ्या. ते रामाकोन्याला गेले. तिथे शेवंताबाई राहतात. शेतमजुरी करतात, बागेत निंदण-तोडणीला जातात. नवरा मागेच गेला. एक मुलगा, प्रवीण, फौजेत. त्याची बायको पूनम त्या वेळी बाळंतपणाला माहेरी, तिगावला गेलेली. मी शेवंताबाईंना ओळखत होते. त्यांचा एक अर्ज मी लिहून दिला होता आणि त्या बदल्यात त्यांनी माझ्या ओसरीवर पिशवीभर संत्री ठेवून दिली होती, मी नको म्हणत असताना.

भाऊजींनी व्हिडिओ माझ्या मोबाइलवर टाकला. घराची भिंत, दारावर पंचशील झेंडा, समोर शेवंताबाई. डोक्यावर पदर, कामावरून आलेल्या असाव्यात, हाताला माती होती. त्या काय बोलल्या ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. मला ते पाठ आहे.

"माया एकच पोरगा हाय जी. त्याची बायको दोन जीवाची हाय. मले बदला-फदला काही नाही पाहिजे, माया पोरगा घरी पाहिजे. तिकडच्या बाईचंबी लेकरूच असन नं थे? काहून लावून राहिले हे लोकं लढाई? बंद करा म्हणा."

बस, एवढंच. मग त्यांनी भाऊजींना विचारलं की हे प्रवीणला तिकडे दिसेल का, आणि भाऊजी हो म्हणाले.

मी कपाट उघडलं. साड्या बाजूला सारल्या. आणि आता इथे मी थांबते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. मी नेहमी इथेच थांबते. गेले कितीतरी महिने मी स्वतःलाच विचारते आहे की त्या वेळी नेमकं काय झालं, आणि मला खरंच समजत नाही. कुणी जबरदस्ती केली? नाही. भोपाळच्या माणसानं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "थोड़ा जोश वाला चाहिए।" ते तर तो गारपिटीलाही म्हणाला होता. मला कुणाचा राग आला होता का? नाही. मला लढाई हवी होती? नाही हो. माझा भाचा फौजेत जायचं म्हणतो तर मी बहिणीला सांगते, बँकेची परीक्षा द्यायला लाव त्याला.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "मेरा एक ही बेटा है।" इथवर त्यांचंच होतं. मग मी आवाज खाली आणला. श्वास सोडला. आणि म्हटलं—

"दूसरा होता, तो उसे भी सरहद पर भेज देती।"

बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर काटा होता. आनंदाचा. एका दमात, पहिल्याच खेपेला तो श्वास मला जमला होता. भाऊजींनी ऐकलं. ते म्हणाले, "वहिनी, हे कुठं म्हटलं जी तिनं?" आणि मी म्हटलं, "मतलब तोच हाय ना. पाठवा तुम्ही, उशीर होऊन राहिला." त्यांनी पाठवलं. आपल्या वहिनीला आपल्यापेक्षा हिंदी जास्त कळते, यावर त्यांचा विश्वास आहे.

मतलब तोच कसा होता? सांगा ना. "बंद करा म्हणा" याचा तो मतलब कोणत्या शब्दकोशात होतो?

संध्याकाळी ते लागलं. शेवंताबाईंचे ओठ हलत होते, खाली त्यांची मराठी अगदी बारीक करून टाकलेली, आणि वर मी. मागे कुणीतरी संगीत घातलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्म्या लोकांच्या स्टेटसला ते वाक्य. पाणीपुरीवाल्याच्या गाडीवर ते वाजत होतं. मग चौकात फलक लागला, शेवंताबाईंचा फोटो आणि खाली ते वाक्य, लाल अक्षरांत. मी फलकासमोर स्कूटी थांबवून शुद्धलेखन तपासलं.

मला उत्सुकता होती—हीसुद्धा कबूलच करायची गोष्ट आहे—की माझं वाक्य कुठवर जातं. एका मामेबहिणीनं नागपूरहून ते मलाच पाठवलं तेव्हा मी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग एक नेते आले, बसस्टँडच्या चौकात त्यांची सभा झाली. मी भाजीची पिशवी घेऊन कडेला उभी होते. ते म्हणाले, इसी मिट्टी की एक माँ ने कहा है, एक क्या, दस बेटे होते तो दसों दे देती! लोक अक्षरशः उसळले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हवेत फिरवली. आणि मला राग आला. कशाचा, विचारा. दहाचा! माझ्या एकाचे त्यांनी दहा केले म्हणून. वाक्याचा तोल घालवला म्हणून. शेवंताबाईंना एकच आहे आणि तो खरोखरच तिकडे आहे, हे मला त्या गर्दीत आठवलंसुद्धा नाही.

नंतर मी माझी निवेदनाची वही काढून पाहिली. वीस वर्षांची शेरोशायरी, सुविचार, स्वागताची वाक्यं तीत आहेत. ते वाक्य नव्हतं. मग ते आलं कुठून? पंधरा ऑगस्टला मुलांना पाठ करायला दिलेली भाषणं मी शोधली. तिथे त्याचे तुकडे सापडले. थोडं एका भाषणात, थोडं दुसऱ्यात. दरवर्षी मुलांच्या तोंडी मी ते घालत आले होते आणि मुलं छातीवर हात ठेवून म्हणत आली होती. बाकीचं त्या निवेदिकेकडून घेतलं. म्हणजे वाक्य माझं होतं की नव्हतं? मला अजून ठरवता आलेलं नाही. फक्त एवढं ठाऊक आहे की ते तयार होतं, आणि शेवंताबाईंचं वाक्य मात्र मला हिंदीत करायला बसून शब्द शोधावे लागले असते.

तणातणी निवळली. प्रवीण सुखरूप होता. टीव्ही दुसऱ्या कशाकडे वळला. मला वाटलं, झालं, संपलं.

पंधरा-वीस दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, शेवंताबाई माझ्या ओसरीवर आल्या. या वेळी हातात कागद नव्हता, मोबाइल होता. शेजाऱ्याकडून मागून आणलेला, काच तडकलेली.

"मॅडम, तुमाले हिंदी चांगली समजते म्हून आली," त्या म्हणाल्या. "हे टीव्हीवालीनं काय म्हटलं थे सांगा. अन् खाली माया आवाज हाय, थो आयका. मले तं आठवतच नाही जी असं म्हटल्याचं."

पूनम तिगावला तो व्हिडिओ रोज बघायची. नवरा सीमेवर, पोटात सातवा महिना, आणि सासू टीव्हीवर सांगते आहे की दुसरा असता तर तोही दिला असता. तिनं निरोप पाठवला होता की ती रामाकोन्याला परत येणार नाही. माझ्या नवऱ्याला जी बाई गेलाच समजून बसली तिच्या हातात मी माझं लेकरू देणार नाही, असं ती म्हणाली होती. शेवंताबाई बसनं तिगावला जाऊन आल्या. पूनमच्या आईनं चहा दिला, पण पूनम आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

"तिले म्हटलं, म्या असं नाही म्हटलं. तं थे म्हणते, मंग टीव्ही खोटं बोलते का?" शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलते का जी टीव्ही?"

आता ऐका. मूळ व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता. भाऊजींनी त्यांचा केव्हाच पुसला होता, त्यांच्याकडे जागा उरत नाही. माझ्याकडे होता. माझा मोबाइल तिथेच, दिवाणावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. तो उचलून त्यांना द्यायचा, की हे घ्या, हे पूनमला ऐकवा. एवढंच करायचं होतं. दहा मिनिटं लाज वाटली असती. फार तर गावात चार दिवस चर्चा झाली असती.

मी त्यांचा तडकलेला मोबाइल कानाला लावला. ऐकल्यासारखं केलं. आणि म्हटलं, "गडबडीत माणूस बोलून जाते जी काहीबाही. तुमच्या ध्यानात नसन."

त्यांनी मोबाइल परत घेतला, पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "असन मंग." आणि निघताना, चप्पल घालता घालता, "हे बोलणारी बाई कोण व्हय? आवाज वळखीचा वाटून राहिला."

"भोपाळची असन," मी म्हटलं.

त्या फाटकाबाहेर गेल्या. मी आत आले आणि तो मूळ व्हिडिओ पुसला. पुसायची गरज होती का? कुणीही माझा मोबाइल तपासणार नव्हतं. मग का पुसला? मी याचं उत्तर शोधते तेव्हा मला एवढंच सापडतं, की त्यात शेवंताबाई बोलत होत्या आणि मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. आणि गंमत बघा—पुसल्यापासूनच तो मला पाठ झाला.

पूनमला मुलगी झाली. नाव ठेवायचा कार्यक्रम तिगावलाच झाला. शेवंताबाईंना बोलावणं नव्हतं. मला हे भाऊजींनी सांगितलं, इतर चार बातम्या सांगतात तसं, आणि मी पोहे परतत राहिले.

यानंतर पांढुर्ण्याला कार्यक्रम ठरला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे कार्यक्रमांना तोटा नाही. सैनिकांच्या मातांचा सत्कार, आणि सूत्रसंचालनाला अर्थातच मी. यादीत पहिलं नाव शेवंताबाईंचं होतं. मला वाटलं होतं त्या येणार नाहीत. आल्या. हिरवं नवीन पातळ नेसून, पावडर लावून आल्या. प्रवीण सुट्टीवर आला होता, तो सोबत होता. पूनम नव्हती, मुलगीही नव्हती.

मंचामागे खुर्च्या होत्या तिथे त्यांनी मला गाठलं. आयोजकांनी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही तेच वाक्य बोला, लोक त्यासाठीच आले आहेत. "मॅडम, एक डाव सांगा नं थे," त्या म्हणाल्या. "मले हिंदी येत नाही धड. चुकलं तं बरं नाही दिसत."

मी त्यांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. त्यांना ते आता आपलंच वाटत होतं का? की एवढे सगळे म्हणतात तर आपण म्हटलंच असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं? की त्यांना सगळं कळलं होतं—माझा आवाज, समोर, दोन हातांवर? मला आजही हे कळलेलं नाही आणि विचारायची हिंमत मी केली नाही.

मी शिकवलं. हो. तिथे खुर्चीवर बसून, विद्यार्थ्याला शिकवतात तसं. त्या "दूसरा रहता तो" म्हणत होत्या, आपल्याकडे सगळे तसंच म्हणतात. मी म्हटलं, रहता नाही, होता म्हणा. आणि "बेटा है" नंतर थोडं थांबा, मी म्हटलं. आवाज थोडा खाली आणा. त्यांनी मान हलवली. तीन वेळा म्हणवून घेतलं मी.

मंचावर त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. मैदान भरलेलं. त्यांनी म्हटलं, "मेरा एक ही बेटा है।" थांबल्या. आवाज खाली आणला. आणि पुढचं, एकही चूक न करता.

प्रवीण पहिल्या रांगेत होता. तो आईकडे बघत होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता. शेवंताबाईंनी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "ज़ोरदार तालियाँ!"

वाजल्या. त्यानंही वाजवल्या.